फरार बाई परत आल्या त्याची गोष्ट

नमस्कार मंडळी, जेवणं झाली का? नसतील झाली तर ताटावर बसून ऐका, चालतंय.

आज एका बाईंबद्दल बोलायचंय, ज्यांचं आडनाव होतं फरार. हो हो, फरारच. सिंथिया फरार. आपल्याकडे फरार म्हटलं की पोलीस आठवतात, आणि या बाईंचं बघाल तर नेमकं उलटं, गेल्या आणि पुन्हा हजर झाल्या. पुस्तकात त्यांच्या येण्याबद्दल दोन ओळी असतात, मला ते परत येणंच जास्त मोठं वाटतं, का ते सांगतो.

तर 1827 साल. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर म्हणून भाग आहे, तिथल्या मार्लबरो गावच्या या, वय 32, बिनलग्नाच्या. जूनमध्ये बॉस्टनला जहाजात बसल्या. सुएझचा कालवा तेव्हा कुठला, तो उघडला 1869 ला, त्यामुळे अख्ख्या आफ्रिकेला वळसा मारून आधी कलकत्ता आणि मग तिथून मुंबई, पोचेपर्यंत डिसेंबर संपत आला. अर्धं वर्ष गेलं की हो प्रवासात! पाठवलं होतं अमेरिकन बोर्ड नावाच्या मिशनरी संस्थेने, ज्यांचं आपल्याकडचं काम अमेरिकन मराठी मिशन म्हणून ओळखलं जायचं. तोपर्यंत रीत अशी की मिशनरी साहेब यायचा, त्याची बायको सोबत यायची आणि शाळाबिळा तीच बघायची, नाव मात्र साहेबाचं. एकट्या बाईला भारतात पाठवायची बोर्डाची ही पहिलीच वेळ, आणि तरी हुद्दा काय दिला तर असिस्टंट मिशनरी. चालायचंच.

या मिशनचा इतिहासही काही सुखाचा नाही बरं का. 1813 ला गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकारला ते नकोच होते, परत पाठवायचा बराच खटाटोप झाला. हॉल तगले, आणि 1826 ला नाशिककडे फिरतीवर असताना कॉलऱ्याने गेले. त्याच्या दुसऱ्या वर्षी फरार बाई आल्या, म्हणजे काय होऊ शकतं हे कानावर असूनही आल्या.

मुंबईत मिशनने मुलींची पहिली शाळा 1824 ला काढली होती, अशा शाळांवर देखरेख हे बाईंचं काम. मुलगी शिकली की नवरा मरतो असं लोक खरंच मानायचे त्या काळात! तरीपण 1829 पर्यंत पटावर 400 च्या वर मुली होत्या. पटावर म्हणतोय मी, रोज हजर किती असतील ते शाळेत शिकवलेल्या माणसाला सांगायला नको.

दहा वर्षं हे केलं आणि तब्येत पार ढासळली. 1837 ला बाई अमेरिकेला गेल्या. आता आपलं माणूस असतं तर आपणच म्हटलं असतं, बस झालं, देवाचं केलंस तेवढं पुष्कळ झालं, घरी रहा. पण 1839 ला, वय 44, पुन्हा तोच समुद्र, पुन्हा तोच देश.

बघा, लग्न होऊन पोरगी पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा वाजंत्री असते, सगळं गाव वेशीपर्यंत येतं. माहेरपण करून परत जाते तेव्हा एसटी स्टँडवर भाऊ पिशवी देतो आणि निघतो. ती दुसरी खेप खरी अवघड, कारण तिकडे काय वाढून ठेवलंय ते आता तिला पक्कं ठाऊक असतं. बाईंची 1839 ची खेप मला अशी वाटते, ऊन, कॉलरा, आज आलेली मुलगी उद्या लग्न होऊन गायब, हे सगळं माहीत असताना घातलेली.

त्यात वर्षही कसलं निवडलं! त्याच 1839 ला मुंबईत जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याच्या शाळेतल्या पारशी पोरांनी बाप्तिस्मा घेतला, प्रकरण तेव्हाच्या मुंबईच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि पारशांनी आपली मुलं शाळेतून काढून घेतली. मिशनची शाळा म्हटलं की आईबाप धसका घ्यायचे. आणि धसका अगदीच खोटा होता असं मी म्हणणार नाही, मिशनरी इथे येशूचं सांगायलाच आले होते, शाळा ही त्याची वाट होती, हे त्यांनी कधी लपवलंही नाही. पण लोकही हुशार, अक्षरं घ्यायची आणि बाकीचं या कानाने ऐकून त्या कानाने सोडायचं, असंही कित्येकांनी केलं असणार.

तर यावेळी बाई मुंबईत न थांबता नगरला आल्या. आता नाव अहिल्यानगर झालंय पण जिभेवर नगरच बसलंय, सांभाळून घ्या. नगरला मिशनचं ठाणं 1831 पासूनचं. तिथे बाईंनी पुन्हा मुलींच्या शाळा सुरू केल्या, पुन्हा पहिल्यापासून, ग म भ न.

आणि मग पुण्याचा एक तरुण आपल्या नगरच्या मित्रासोबत या शाळा बघायला आला. जोतीराव फुले. हे कोणा भक्ताने मागाहून रचलेलं नाही, खुद्द जोतीरावांनी सांगितलेलं 15 सप्टेंबर 1853 च्या ज्ञानोदयात, म्हणजे मिशनच्याच नियतकालिकात छापून आलंय, आणि तो ज्ञानोदयही 1842 ला नगरलाच सुरू झालेला. फरार बाईंच्या शाळेत मुलींना शिकवायची पद्धत बघून बरं वाटलं, आणि आपल्याकडे बायकांना शिक्षण नाही याचं वाईट वाटलं, असं ते सांगतात. पुण्याला आले आणि 1848 ला भिडेवाड्यात शाळा. सावित्रीबाईंनी फरार बाईंकडे ट्रेनिंग घेतलं असंही चरित्रांमध्ये येतं. आता हिशोब करा, बाई 1837 ला गेल्या त्या तिकडेच राहिल्या असत्या तर जोतीरावांनी नगरला बघितलं काय असतं? शाळा काढायची आच त्यांच्यात होतीच म्हणा, ती काही कोणी उसनी दिली नाही, पण डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीची ताकद वेगळी असते.

1862 च्या जानेवारीत बाई नगरलाच वारल्या.

जाता जाता एक उलटा परतीचा प्रवास सांगतो. रॉबर्ट ॲलन ह्यूम, मिशनऱ्याचा मुलगा, जन्म 1847 चा, मुंबईतला. 1854 ला घरचे अमेरिकेला निघाले आणि वाटेत समुद्रातच वडील गेले. पोरगा तिकडे वाढला, शिकला आणि 1874 ला मिशनरी होऊन नगरला आला. आता याला परत येणं म्हणायचं की परदेशी जाणं? मुंबईत जन्मलेल्या माणसाला नगर परदेश कसं होईल, मला तर काही कळत नाही. असो, काचेपलीकडून आमचे इंजिनिअर कधीचे घड्याळ दाखवतायत, थांबतो.