‘दाब जास्त आहे? पॅकिंग जाड टाका!’

बोलायला लागण्याआधी हा पिस्टन तुमच्यात सोडतो. पुढच्या रांगेपासून हातोहात मागे जाऊ द्या. माथ्यावर बाण आहे, तो एक्झॉस्टकडचा. त्या बाजूच्या कडेवरून अंगठा फिरवा. उंदरानं पुठ्ठ्याची कड कुरतडावी तसं लागेल. वाळूच्या कागदानं घासल्यासारखा खरखरीतपणा आहे तो नॉकिंगनं, म्हणजे मिश्रण वेळेआधी आपोआप पेटल्यानं केलेला, आणि आज मला बोलायचंय ते या खरखरीवर.

पिस्टन यामाहा बॅन्शीचा. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, पाण्यावर थंड होणारी क्वॉड, म्हणजे मोटरसायकलसारखी चारचाकी. 64 मिलिमीटर बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, 54 मिलिमीटर स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव, मिळून 347 सीसी. 1987 पासून निघाली आणि अमेरिकेत 2006 पर्यंत विकली गेली. तुमच्यातल्या बहुतेकांनी ती एकदा तरी खोललेली असणार, म्हणून ओळख इथंच आवरतो. विषय ठरलाय तो असा: काम केलेल्या इंजिनात कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, फार वाढलं तर दोष कसा शोधायचा. तीन पायऱ्या सांगणार आहे. पण आधी पिस्टनची गोष्ट, कारण तिन्ही पायऱ्या मी त्याच्याकडून शिकलो.

एका मित्रानं वापरलेलं इंजिन घेतलं, आधीच्या मालकानं काम करून ठेवलेलं. किक मारली की लिव्हर उलटी उसळायची. बूट जाड होता म्हणून घोटा वाचला. प्लगच्या भोकात दाबाचं गेज लावलं, दोन्ही सिलिंडरला 205 पीएसआय! साध्या पंपाच्या पेट्रोलवर हा आकडा पाहून कुणालाही घाम फुटेल. आम्ही एका अनुभवी कारागिराला विचारलं. त्यानं इंजिनाकडे न बघताच सांगितलं, “दाब जास्त आहे ना? ब्लॉकखाली पॅकिंग जाड टाका.” हे वाक्य मी तेव्हापासून आजपर्यंत इतक्या तोंडून ऐकलंय, आणि दर वेळी माझ्या पोटात कालवतं.

आम्ही ऐकलं. 1 मिलिमीटर जास्त जाडीचं पॅकिंग टाकलं. काटा 165 वर आला, किक मऊ झाली, आम्ही खूश. गाडी खालच्या आरपीएमला थोडी मरगळली होती, त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या फेरीत लांबच्या चढावर उजवा सिलिंडर सुटला. प्लग काढला तर सिरॅमिकवर ॲल्युमिनियमचे बारीक चमचमणारे ठिपके. ते ठिपके पिस्टनचे असतात, मंडळी. प्लगवर चमक दिसली की पिस्टन खाल्ला जातोय, एवढं पक्कं धरून चाला.

हेड काढायच्या आधी मला सुचलं की निदान आता तरी मोजूया. सोल्डरची तार प्लगच्या भोकातून आत सारली, पिस्टन पिनच्या रेषेत, सिलिंडरच्या भिंतीला टेकेपर्यंत. हातानं क्रँक फिरवून पिस्टन टीडीसीवरून, म्हणजे त्याच्या सगळ्यात वरच्या जागेवरून, पुढे नेला, तार काढली, चपटं झालेलं टोक व्हर्नियरमध्ये धरलं. 2.3 मिलिमीटर. दुसऱ्या बाजूनंही तेवढंच. यातून आम्ही घातलेलं 1 मिलिमीटर वजा करा. उरलं 1.3.

म्हणजे आधीच्या माणसानं स्क्विश, पिस्टन आणि हेडच्या कडेमधली ही फट, अगदी नेमका ठेवला होता! त्यानं हेडची वाटी, म्हणजे मिश्रण जळतं ती मधली खोलगट जागा, लहान कापली होती, शर्यतीच्या जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी. त्याचं इंजिन सुदृढ होतं, फक्त पेट्रोल वेगळं मागत होतं. आम्ही त्यातली बरोबर असलेली गोष्टच मोडून टाकली. त्या अनोळखी माणसाचं काम किती स्वच्छ होतं हे कळल्यावर मला पिस्टनपेक्षा त्याचं जास्त वाईट वाटलं.

आता यामागचं कारण. पिस्टन वर आला की हेडच्या सपाट कडेखालचा वायू चेपला जाऊन मधल्या वाटीत झपाट्यानं ढकलला जातो. त्यानं मिश्रण घुसळतं, ज्वाला लवकर पसरते, आणि कडेला उरलेला पातळ थर धातूला चिकटून थंड राहतो. फट रुंदावली की हा धक्का मंदावतो. कडेला जाड, गरम, न जळलेला थर उरतो आणि ज्वाला पोहोचायच्या आत आपोआप पेटतो. एक्झॉस्टकडची कड सगळ्यात तापलेली, म्हणून कुरतडणं तिथून सुरू होतं. आम्ही दाब कमी केला आणि नॉकिंगला जागा करून दिली.

आणि मरगळ? ब्लॉक 1 मिलिमीटर उचलला की सगळी पोर्टही, म्हणजे वायू आत-बाहेर जायची सिलिंडरमधली भोकं, तेवढी वर जातात. एक्झॉस्ट उशिरा बंद होतं, ताकद वरच्या आरपीएमला सरकते. पॅकिंगनं दाबासोबत पोर्टचं टायमिंगही बदलतं, हे सांगायला कुणी विसरलं की मला राग येतो.

एक्झॉस्टवरून आठवलं, थोडं विषयांतर करतो. 1950 च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या एमझेड या मोटरसायकल कंपनीत वाल्टर काडेन या इंजिनिअरनं एक्झॉस्ट पाइपातल्या लहरींवर काम केलं. बाहेर निघालेलं ताजं मिश्रण लहरीच्या जोरावर सिलिंडरमध्ये परत कोंबायचं. त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर 1961 मध्ये पळून सुझुकीकडे गेला आणि ती विद्याही तिकडे पोहोचली. इथं त्याचं काम काय? किक मारताना पाइप झोपलेला असतो. गेज मोजतं तो झोपेतला दाब. पोर्ट उंच कापलेल्या इंजिनाला गेज 150 दाखवेल, आणि पाइप जागा झाल्यावर तेच इंजिन पिस्टन खाईल. म्हणून गेज हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही.

दहाच मिनिटं उरली आहेत म्हणतात. तेव्हा पायऱ्या भरभर घेतो.

पहिली पायरी, साक्षीदार खरा आहे का ते पाहा. इंजिन कोमट, दोन्ही प्लग काढलेले, इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. काटा थांबेपर्यंत किका मारा. गेजचा व्हॉल्व्ह नळीच्या प्लगकडच्या टोकाला हवा, नाहीतर नळीची जागाही सिलिंडरमध्ये धरली जाते आणि आकडा कमी येतो. उलट सिलिंडरमध्ये तेल किंवा पेट्रोल साचलं असेल तर आकडा खोटा वाढतो. समुद्रसपाटीपासून 1,500 मीटरवर हवेचा दाब सुमारे 15 टक्के कमी असतो, म्हणून दुसरीकडचा आकडा आपल्या आकड्याशी सरळ ताडू नका. माथ्यावर कार्बनचा थर असेल तर तो खरवडून परत मोजा.

दुसरी, तार. ती मघाशी सांगितली. साधारण 1 ते 1.5 मिलिमीटर हा या मापाच्या इंजिनाचा चांगला पल्ला.

तिसरी, पिस्टनच्या वर उरलेली जागा. पिस्टन टीडीसीवर, कडेला ग्रीस, प्लगच्या भोकातून ब्युरेटनं तेल सोडा, आणि प्लगच्या आट्यांत मावलेलं दोन-तीन सीसी वजा करा. 64 च्या बोअरला प्रत्येक मिलिमीटरमागे 3.2 सीसी जागा जाते. हेड किती घासलंय, पॅकिंग किती पातळ आहे, स्ट्रोक वाढवलाय का, सगळ्याचा हिशेब इथंच लागतो. कॉम्प्रेशनचं गुणोत्तर काढताना पूर्ण स्ट्रोक न धरता एक्झॉस्ट बंद झाल्यापासूनचाच धरा. आमच्या इंजिनात तो 28 मिलिमीटर, म्हणजे 90 सीसी. जागा 13 सीसी होती, तर गुणोत्तर 7.9. वाटी 17 पर्यंत वाढवली, ते 6.3 वर उतरलं.

आम्ही केलेला उपाय असा: जुन्या जाडीचं पॅकिंग परत, स्क्विश 1.3, आणि लेथवर फक्त वाटी मोठी. डोम, म्हणजे वाटीचा सुटा भाग, बदलता येणारं हेड असेल तर नुसता मोठ्या सीसीचा डोम. ठिणगीची वेळ ठरवणारी टायमिंग प्लेट पुढे ढकलली असेल तर ती परत मागे आणा, आणि कार्बोरेटरचा जेट एक पायरी मोठा लावून प्लग बघत बघत खाली या. सिलिंडर रीबोअर करून आम्ही ते इंजिन पुन्हा जोडलं. गेज 160 च्या आसपास, किक सरळ, त्याच चढावर त्याच पेट्रोलवर प्लगवर एक ठिपका नाही.

पिस्टन मागच्या रांगेपर्यंत पोहोचलाय ना? बाणाची बाजू वर धरून माझ्याकडे पाठवा, रिंग सैल आहे, पडू देऊ नका.