चहाची फ्रँचायझी: आधी कप मोजा

श्रोतेहो, नमस्कार.

नोकरी गेली की हातात फुल अँड फायनलची रक्कम येते आणि घरात बसवत नाही. फ्रँचायझी विकणाऱ्याला गिऱ्हाईक असंच हवं असतं. पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर दिसणाऱ्या अमृततुल्यचंच उदाहरण घेऊ. खालचे आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत, तुमच्या भागाप्रमाणे ते बदलून घ्या.

चहा 10 रुपयांचा. दूध, साखर, पावडर, गॅस आणि कप यांत 5 रुपये गेले. दुकानाचं भाडं 25 हजार, दोन कारागीर 30 हजार, लाइट बिल 5 हजार, किरकोळ 3 हजार. गुंतवलेले 8 लाख तीन वर्षांत वसूल करायचे तर महिन्याला आणखी 22 हजार. झाले 85 हजार. कपामागे 5 रुपये, म्हणजे दिवसाला साधारण 567 कप. एवढं करून घरात एक पैसा आलेला नाही! माहितीपत्रकात मालकाच्या पगाराचा रकाना सहसा नसतोच. घरखर्चाला 30 हजार धरले की आकडा 767 वर जातो. सकाळी सहा ते रात्री आठ दुकान उघडं ठेवलं, तर जवळजवळ मिनिटाला एक कप.

आता रॉयल्टी, म्हणजे ब्रँडच्या नावासाठी कंपनीला द्यायचा हिस्सा. 'फक्त पाच टक्के' ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते विक्रीवर असतात, नफ्यावर नव्हे. 10 रुपयांवर 50 पैसे, म्हणजे तुमच्या 5 रुपयांतला दहावा हिस्सा. त्यावर 18 टक्के जीएसटी. रेस्टॉरंट म्हणून 5 टक्के दराने कर भरणाऱ्याला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, त्यामुळे हा जीएसटी खिशातूनच जातो. फ्रँचायझी फीवरचाही तसाच: 3 लाखांच्या फीवर 54 हजार. एवढी रॉयल्टी धरली की रोजचे कप 870 होतात.

म्हणून टोकन, म्हणजे आगाऊ रक्कम, देण्याआधी त्याच ब्रँडच्या चालू दुकानासमोर उभं राहा. एक मंगळवार, एक रविवार आणि एक महिनाअखेरचा दिवस, प्रत्येक वेळी उघडल्यापासून बंद होईपर्यंत. मोजायचे ते कप, गर्दी नव्हे. चौघं उभे असतात आणि चहा मागवतात वन बाय टू. कंपनी चालू शाखांचीच यादी देणार. बंद पडलेल्या शाखा नकाशाच्या ॲपवर 'कायमचे बंद' अशा दिसतात. तिथल्या शेजारच्या दुकानदाराला बंद पडण्याचं कारण ठाऊक असतं.

भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. भिस्त मुख्यतः करारावर, 1872 च्या करार कायद्यावर आणि 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यावर. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर नाव शोधा. खाद्यपेय सेवेचा वर्ग 43, चहाचा 30. 'अर्ज केला आहे' आणि 'नोंदणी झाली आहे' यांत फार फरक आहे. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर तिचे ताळेबंद कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडी फी भरून पाहता येतात. उत्पन्न चहातून येतं की नव्या फ्रँचायझींच्या फीमधून, याचा अंदाज त्यातून येतो.

करारात मुदत नीट बघा. फ्रँचायझी पाच वर्षांची आणि जागेचा लीव्ह अँड लायसन्स तीन वर्षांचा असेल, तर चौथ्या वर्षी जागामालक सांगेल तो भाव. जागा बदलली की फर्निचर नवं, कधी कधी फीसुद्धा पुन्हा. दुसरी शाखा किती अंतरात देणार नाही, हे मीटरमध्ये लिहून घ्या. पावडर कंपनीकडूनच घ्यायची असेल तर भाव कधी आणि किती वाढवता येईल, तेही. 'मिनिमम गॅरंटी', म्हणजे किमान कमाईची हमी, तोंडी सांगितली असेल तर ती करारात घालायला सांगा. लवादाची, म्हणजे कोर्टाबाहेर वाद मिटवण्याची, जागा दिल्ली लिहिली असेल तर पुणे करून मागा.

आणि टोकन द्यायचंच झालं तर चेकनं किंवा ऑनलाइन, कंपनीच्या खात्यावर. एजंटच्या खात्यावर नाही. जागा पसंत पडली नाही तर किती दिवसांत किती रक्कम परत, हे पावतीवरच लिहून घ्या.