नाताळानंतर दिसलेली माशी

नमस्कार श्रोतेहो. २७ डिसेंबरच्या दुपारी मला एक माशी दिसली. आज तिच्याचविषयी बोलायचं आहे.

मी राहते लंडनच्या दक्षिणेला. त्या दिवसांत इथे आठच्या सुमारास उजाडतं आणि चारच्या आत दिवस मावळतो. भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. आठवडाभर गवतावर दहिवर गोठत होतं. मग एके दिवशी वारा पडला, ऊन आलं, आणि घरामागच्या माहोनिया या हिवाळ्यात फुलणाऱ्या झुडपाच्या पिवळ्या तुऱ्यावर काहीतरी हललं.

आधी वाटलं, मधमाशी. रंग तोच, ठेवणही तीच. पण मधमाशीला चार पंख असतात, हिला दोनच होते, आणि मिशा अगदी आखूड. आपल्याकडे शेतकरी जिला सिरफिड माशी म्हणतात, हवेत एकाच जागी तरंगते ती, तिच्याच कुळातली ही. ब्रिटनमध्ये या कुळाच्या २७० हून जास्त जाती आहेत. पण डिसेंबर संपत आल्यावर एखादी दिसणं म्हणजे भाग्यच.

श्वास रोखून मी वाकले. नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात. हिच्या डोळ्यांमध्ये मोकळी जागा होती, म्हणजे मादी. शिवाय डोळ्यांवर केसांचा उभा काळसर पट्टा. म्हणजे एरिस्टॅलिस टेनॅक्स ही जात! या जातीचे नर थंडीआधीच मरतात. मादीचं मीलन शरदातच झालेलं असतं. आयव्ही या वेलीच्या फुलांवर भरपूर खाऊन ती अंगात चरबी साठवते आणि भिंतीच्या भेगेत, एखाद्या कपारीत शिरून बसते. अंडी घालते ती वसंतात, साचलेल्या घाण पाण्याकाठी. त्या पाण्यात वाढणाऱ्या अळीला शेपटीसारखी नळी असते, हवी तेवढी लांब करून ती पाण्यावरची हवा घेते.

वहीत मी "या वर्षीची शेवटची" असं लिहिलं होतं. ते खोडलं. ही मागे राहिलेली नव्हती, ऊन लागलं म्हणून मधेच जागी झाली होती. मला तिची काळजी वाटली. प्रत्येक उड्डाणात शिल्लक चरबी खर्च होते, आणि या दिवसांत फुलं असतात तरी किती? बागेत माहोनिया लावणाऱ्या जुन्या घरमालकांचे मी मनोमन आभार मानले.

संध्याकाळी मिरजेहून वहिनीचा फोन आला. तिला सांगितलं, तर म्हणाली, "अगं, आमच्या मोहरीवर रोज झुलतायत की त्या!" खरंच आहे. तिकडे गव्हाच्या कडेला लावलेल्या मोहरीवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पडतो तो याच दिवसांत, आणि त्या सिरफिडच्या अळ्या मावा फस्त करतात. जात वेगळी, पण कूळ एकच. तिच्याकडे हा त्यांचा ऐन हंगाम.

माझी माशी पुढच्या पायांनी डोळे पुसून पावणेदोनला उडाली आणि कुंपणाच्या विटांमधल्या फटीत शिरली. ती फट मी यंदा बुजवणार नाही. तेव्हापासून रोज दहिवर पडतंय. जरा ऊन आलं की मी माहोनियापाशी जाऊन उभी राहते.