भरवसा, ब्रँड आणि बॅटरी

[दृश्य : दक्षिण मुंबईतील टॅक्सीतळ]

30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यांवर प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून चालेनाशी झाली. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली होती आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे तिची मुदत तिथे संपली. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे आणि तिचा मूळ आराखडा इटलीच्या फियाट 1100 चा होता.

ही गाडी बिघडत नव्हती असे कोणी म्हणणार नाही. घाट चढताना ती तापायची, पावसाळ्यात कुरकुरायची, गिअर अडकायचे. तरीही चाळीस वर्षे टॅक्सीवाल्यांनी तिला सोडले नाही, कारण कोणत्याही नाक्यावरच्या मिस्त्रीला तिचे इंजिन उघडता येत होते, तिचे सुटे भाग जुन्या बाजारातही मिळत होते आणि बंद पडलेली गाडी बहुधा त्याच दिवशी पुन्हा रस्त्यावर येत होती. त्या काळात ग्राहकापुढे फारसे पर्यायही नव्हते. परवाना पद्धतीत प्रामुख्याने फियाट आणि अँबॅसिडर या दोन गाड्यांचाच बाजार होता आणि नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागत असे. त्यामुळे त्या पिढीची निष्ठा किती मनापासूनची आणि किती नाइलाजाची होती, हे आज सांगणे कठीण आहे. एक सवय मात्र तेव्हापासून मराठी ग्राहकाच्या अंगी मुरली: गाडी बिघडेल हे गृहीत धरायचे आणि बिघडल्यावर ती कोण, कुठे आणि किती पैशांत दुरुस्त करील, हे आधी विचारायचे.

[दृश्य : जुन्या मारुती 800 ची छायाचित्रे, तालुक्याच्या गावातील गॅरेज]

14 डिसेंबर 1983 रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती 800 ची किल्ली ग्राहकाला देण्यात आली. सुझुकीच्या तंत्रज्ञानावर बेतलेल्या 796 सीसीच्या या छोट्या गाडीने भरवशाची कल्पनाच बदलून टाकली. सकाळी किल्ली फिरवली की गाडी सुरू होते, चार माणसे आणि सामान घेऊन पुण्याहून कोल्हापूरला वाटेत न थांबता पोहोचते, ही गोष्ट त्या वेळी नवलाईची होती. परंतु केवळ चांगल्या इंजिनामुळे मारुतीला तीन दशके भारतीय बाजाराचा एवढा मोठा हिस्सा राखता आला असता, असे मला वाटत नाही. कंपनीने सर्व्हिस सेंटरे जिल्ह्यांतून तालुक्यांपर्यंत नेली, सुटे भाग स्वस्त ठेवले आणि 2001 मध्ये जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीसाठी ट्रू व्हॅल्यूची दुकाने उघडली. मारुती घेतली तर पाच वर्षांनी ती विकताना हात पोळणार नाहीत, ही खात्री मध्यमवर्गीय कुटुंबाला त्यातून मिळाली. वडिलांची 800, मग मुलाची अल्टो, मग वॅगनआर किंवा स्विफ्ट, असा प्रवास कितीतरी घरांत झाला आणि त्यात प्रत्येक वेळी जुन्या गाडीला आलेली चांगली किंमत पुढच्या गाडीचा निर्णय सोपा करत गेली. 800 चे उत्पादन 2014 मध्ये थांबले, परंतु तिने घालून दिलेला हिशेब थांबलेला नाही.

या हिशेबाला व्यवसायाच्या कसोटीवर घासून पाहिले ते टुरिस्ट गाड्या चालवणाऱ्यांनी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी उभ्या केलेल्या उद्योगघराण्याशी टोयोटाने 1997 मध्ये भागीदारी केली, बंगळूरजवळ बिडदीला कारखाना उभा राहिला आणि 2000 मध्ये क्वालिस बाजारात आली. 2005 मध्ये क्वालिस चांगली खपत असतानाच कंपनीने ती बंद करून इनोव्हा आणली, तेव्हा अनेकांना तो वेडेपणा वाटला होता. शिर्डी, अष्टविनायक, महाबळेश्वर अशा फेऱ्या मारणाऱ्या मालकाला गाडीविषयी ममत्व बाळगून चालत नाही. बँकेचा हप्ता, डिझेल, टायर, चालकाचा पगार आणि गाडी उभी राहिल्यामुळे बुडालेले भाडे यांचा मेळ त्याला दर महिन्याला घालावा लागतो. अशा माणसाने काही लाख किलोमीटर चालवून झाल्यावर पुन्हा इनोव्हाच घेतली, म्हणजे ते प्रशस्तिपत्र कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोठे आहे. वेगळ्या चासीवर बांधलेला मजबूत सांगाडा आणि फारसा ताण न घेणारे, वर्षानुवर्षे जगभर तपासले गेलेले डिझेल इंजिन, ही त्यामागची साधी कारणे होती.

[दृश्य : पिंपरी-चिंचवड औद्योगिक परिसर]

आता टाटांकडे वळू, कारण पुढची सारी गुंतागुंत तिथून सुरू होते. 1998 च्या अखेरीस आलेली इंडिका ही पूर्णतः भारतात घडवलेली पहिली आधुनिक प्रवासी मोटार होती आणि पुण्याला तिचा सार्थ अभिमान होता. नोंदणीसाठी झुंबड उडाली, पण पहिल्या गाड्यांविषयी तक्रारीही पुष्कळ आल्या. कंपनीने त्या ऐकल्या, दुरुस्त्या केल्या आणि 2001 मध्ये सुधारित इंडिका व्ही 2 आणली. ती उत्तम खपली, टॅक्सीवाल्यांची लाडकी झाली. तरी बारीकसारीक कामातील ढिलाईचा शिक्का खाजगी ग्राहकाच्या मनातून लवकर पुसला गेला नाही. डिसेंबर 2018 मध्ये टाटांच्या नेक्सॉनला, गाड्यांची अपघात-सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला ते प्रथमच मिळाले होते, आणि तेव्हापासून अपघातात माणसे वाचतील का, हा प्रश्नही शोरूममध्ये विचारला जाऊ लागला. हे फार चांगले झाले. सुरक्षितता हाही भरवशाचाच भाग आहे आणि आपण तो वर्षानुवर्षे मायलेजपुढे दुर्लक्षित ठेवला होता.

जानेवारी 2020 मध्ये नेक्सॉन ईव्ही, म्हणजे विजेवर चालणारी नेक्सॉन, आली. त्यानंतर काही वर्षे भारतात विकल्या गेलेल्या विजेवरच्या मोटारींपैकी बहुसंख्य एकट्या टाटांच्या होत्या. महिंद्रांची या क्षेत्रातील वाटचाल त्याहून जुनी आहे. बंगळूरची रेवा कंपनी त्यांनी 2010 मध्ये घेतली, 2013 मध्ये ई2ओ आणली, ती फारशी चालली नाही, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये चाकणला बनणाऱ्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या गाड्या घेऊन ते पुन्हा पूर्ण ताकदीनिशी उतरले. याउलट ज्या दोन कंपन्यांवर भारतीय ग्राहकाने डोळे मिटून विश्वास ठेवला, त्या मारुती आणि टोयोटा, या वळणावर मुद्दाम मागे राहिल्या. मारुतीने सीएनजीवर आणि टोयोटाने हायब्रिडवर, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाड्यांवर, भर दिला. मारुतीच्या पहिल्या विद्युत मोटारीचे, ई विटाराचे उत्पादन गुजरातमधील हंसलपूरला सुरू व्हायला ऑगस्ट 2025 उजाडला.

मला या साऱ्या विषयाचे मर्म इथे दिसते. विजेच्या गाडीविषयी आपल्याकडे जी शंका आहे, ती दुहेरी आहे. एक शंका बॅटरीची आहे आणि दुसरी, ती गाडी आधी आणणाऱ्या ब्रँडच्या जुन्या लौकिकाची. ज्यांच्याकडे भरवशाची पुंजी मोठी होती त्यांनी ती जपून ठेवली, आणि ज्यांच्याकडे ती कमी होती त्यांनी धाडस केले. त्यामुळे नवे तंत्रज्ञान आणि जुना विश्वास ही दोन्ही एकाच शोरूममध्ये एकत्र मिळण्याची सोय ग्राहकाला बराच काळ नव्हती. ‘मारुतीची इलेक्ट्रिक आली की बघू’ हे वाक्य इतक्या घरांत ऐकू येत होते, त्याचे कारण हेच.

मात्र जुना लौकिक नव्या तंत्रज्ञानाला आपोआप लागू होतो, असे मानणे चुकीचे ठरेल. टोयोटाची जागतिक बाजारातील पहिली मोठी विद्युत मोटार बीझेड4एक्स 2022 मध्ये आली आणि विक्री सुरू होऊन थोडाच काळ झाला असताना, त्याच वर्षी जूनमध्ये, सुमारे 2,700 गाड्या परत बोलवाव्या लागल्या. दोष बॅटरीत नव्हता, मोटरमध्येही नव्हता. चाकांचे बोल्ट सैल होऊन चाक निखळण्याचा धोका होता. गाड्या चालवू नका, असे मालकांना सांगावे लागले. जगातील सर्वांत भरवशाच्या म्हणवल्या जाणाऱ्या कंपनीवर अशी वेळ आली, ती नव्या आराखड्याच्या पहिल्या वर्षी.

अमेरिकेतील कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था आपल्या सभासदांच्या गाड्यांचा दरवर्षी आढावा घेते. तिच्या 2023 च्या पाहणीत विद्युत मोटारींमध्ये पेट्रोल गाड्यांपेक्षा सरासरी 79 टक्के अधिक अडचणी आढळल्या, तर साध्या हायब्रिड गाड्यांमध्ये 26 टक्के कमी. पुढच्याच वर्षी विद्युत मोटारींबाबतचा हा फरक 42 टक्क्यांवर आला. त्या गाड्या वेगळ्या, ते रस्ते वेगळे, म्हणून हे आकडे उचलून भारतात लावता येणार नाहीत. पण त्यांतून एक गोष्ट कळते. विजेच्या गाडीत ऑइल बदलणे नाही, क्लच प्लेट नाही, टायमिंग बेल्ट नाही, फिरणारे भाग मोजकेच. तरीही तक्रारी जास्त, कारण कंपन्यांनी या नव्या गाड्यांत नवी सॉफ्टवेअरे, नवे डिजिटल पडदे आणि नवी चार्जिंग यंत्रणा एकदमच भरली.

[दृश्य : महामार्गावरील चार्जिंग केंद्र]

महाराष्ट्रातील ग्राहकाच्या मनात सर्वांत आधी आगीची भीती बसली. मार्च 2022 मध्ये पुण्याच्या लोहगाव भागात एका विजेवरच्या स्कूटरने पेट घेतला आणि जूनमध्ये वसईत एक विद्युत मोटार जळाली. दोन्ही चित्रफिती मोबाइलवरून घराघरांत पोहोचल्या. दुचाकींच्या बॅटऱ्यांसाठीचे नियम त्यानंतर कडक झाले आणि डिसेंबर 2022 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. पेट्रोल आणि सीएनजीच्या गाड्याही पेटतात, आणि विद्युत मोटारींना आगी जास्त लागतात असे सिद्ध झालेले नाही. पण लिथियमची आग विझवणे अवघड असते, हे खरे आहे, आणि ज्या सोसायटीत तळघरातील पार्किंगमध्ये चार्जर बसवायचा आहे, तिथल्या रहिवाशांनी प्रश्न विचारले तर त्यांना अडाणी ठरवू नये.

पुढची शंका पल्ल्याची, म्हणजे एकदा चार्ज केल्यावर गाडी किती अंतर जाते याची. पहिल्या नेक्सॉन ईव्हीचा प्रमाणित पल्ला 312 किलोमीटर होता, रस्त्यावर तो दोनशेच्या आसपास मिळत असे. चाचणीच्या ठरावीक चक्रात मोजलेला आकडा आणि एसी लावून, खंबाटकी चढून, शंभरच्या वेगाने जाताना मिळणारा पल्ला यांत अंतर राहणारच. पण ते अंतर ग्राहकाला पैसे भरण्यापूर्वी सांगायला हवे होते. पुढे टाटांनीच बहुतेक ग्राहकांना प्रत्यक्षात मिळू शकेल असा पल्ला वेगळा जाहीर करायला सुरुवात केली, ही प्रामाणिकपणाची सुरुवात म्हणावी लागेल. राज्य सरकारने 2025 च्या धोरणात महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे ठरवले आहे आणि अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग यांवर विद्युत मोटारींना टोलमाफी दिली आहे. टोलमाफीने पैसे वाचतात. भरवसा मात्र चार्जर चालू स्थितीत सापडण्याने वाढतो, म्हणून किती चार्जर बसवले याच्या जोडीला त्यांतले किती चालू आहेत हेही सरकारने नियमितपणे जाहीर करावे.

सर्वांत खोल शंका बॅटरीच्या आयुष्याची, आणि म्हणून जुन्या गाडीच्या किमतीची आहे. भारतातील बऱ्याच विद्युत मोटारींत लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्या वापरल्या जातात. त्यांचे वजन जास्त असते, पण उष्णता त्या तुलनेने चांगली सोसतात आणि चार्जिंगची अधिक आवर्तने टिकतात. चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात हा गुण मोलाचा आहे. तरीही बॅटरी हा गाडीचा सर्वांत महाग भाग आहे आणि तिचे आरोग्य बाहेरून दिसत नाही. जुनी पेट्रोल गाडी घेताना ओळखीचा मिस्त्री सायलेन्सरचा धूर पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो आणि किंमत सांगतो. विद्युत गाडीपुढे तोच अनुभवी माणूस हतबल होतो, कारण माहिती कंपनीच्या संगणकात बंद असते आणि नारिंगी वायरींतून वाहणाऱ्या उच्च दाबाच्या विजेला प्रशिक्षणाशिवाय हात लावणे जिवावर बेतू शकते.

कंपन्यांनी यावर हमीचा उपाय काढला आहे. आधी आठ वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, आणि आता टाटा, महिंद्रा, एमजी यांच्या काही गाड्यांच्या बॅटरीवर आजीवन हमी. परंतु ही आजीवन हमी पहिल्या मालकापुरती असते. गाडी दुसऱ्याच्या नावावर गेली की तिला वर्षांची आणि किलोमीटरची मर्यादा येते. ज्या ग्राहकाने मारुतीवर प्रेम केले ते तिच्या दुसऱ्या विक्रीच्या बळावर, त्याच ग्राहकाला विजेच्या गाडीत दुसरी विक्रीच अनिश्चित दिसते. प्रत्येक विद्युत मोटारीच्या बॅटरीचे आरोग्य तटस्थ संस्थेने तपासून प्रमाणपत्र देण्याची सक्ती झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पुण्यात एआरएआयसारखी वाहनचाचणीचा दीर्घ अनुभव असलेली संस्था आहे आणि हे काम महाराष्ट्रातून सुरू होऊ शकते. त्याचबरोबर गावोगावच्या आयटीआयमध्ये आजच्या फिटरना या गाड्यांचे रीतसर शिक्षण मिळायला हवे, कारण ब्रँड कोणताही असो, तालुक्यात त्या गाडीची जबाबदारी घेणारा माणूस तोच असतो.

जानेवारी 2020 मध्ये विकल्या गेलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हींच्या बॅटरीची आठ वर्षांची हमी जानेवारी 2028 पासून संपू लागेल. त्या गाड्या पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारात काय भावाने जातात आणि त्यांचे मालक पुढची गाडी कोणती घेतात, यावर अनेक कुटुंबांचा निर्णय अवलंबून आहे.