कोरी दिसते, कोरी नसते

नमस्कार मंडळी. गणपतीची चवथ तोंडावर आलीय, घराघरात माळे साफ करणं चाललंय, पेट्या खाली उतरतायत, तर त्यात कुठेतरी लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या डीव्हीडी पण सापडतील. त्या भंगारवाल्याला देऊ नका आणि परसात पाखरं पळवायला टांगू पण नका, आमच्याकडे टांगलेल्या म्हणून सांगतोय.

कॉपी कशी करायची ते सांगतोच, पण आधी एक गोष्ट.

२००६ ची चवथ. माझा मामा मस्कतहून आला तो नवा कॅमेरा घेऊन. त्यात छोटी डीव्हीडी बसायची, आठ सेंटिमीटरची, १.४ जीबी, साध्या क्वालिटीत अर्धा तास मावायचा, बस्स. डिचोलीच्या घरी आरतीला आजोबा घुमट, म्हणजे कातडं ताणून बसवलेलं मातीचं वाद्य, वाजवायला बसले, मामाने सगळं शूट केलं, चार दिवसांनी त्याचं विमान, डिस्क कपाटात. पुढच्या चवथीला आजोबा नव्हते.

गेल्या वर्षी ती डिस्क मिळाली. माझ्या पुतण्याने लॅपटॉपला ड्राइव्ह जोडून आत घातली आणि म्हणतो, "काका, ही तर कोरी आहे, फॉरमॅट करू काय विचारतंय." बोट त्याचं 'हो'वरच होतं. मी असा ओरडलो की आत नेवऱ्या तळणारी वहिनी झारा घेऊन बाहेर आली.

झालं होतं काय, तर मामाने डिस्क फायनलाइजच केली नव्हती. म्हणजे शूटिंग संपल्यावर कॅमेरा डिस्कवर शेवटची अनुक्रमणिका लिहितो, ती लिहायची राहिली तर दुसऱ्या मशीनला आत काहीच दिसत नाही. कोरी दिसते, कोरी नसते. परत सांगतो, कोरी दिसते पण कोरी नसते, फॉरमॅट म्हणजे आतलं पुसून टाकणं, ते विचारलं तर 'नाही' म्हणा.

आता ती राहिलेली अनुक्रमणिका लिहायला तोच कॅमेरा पाहिजे. मामाला फोन लावला, तो म्हणाला, "मी तो परत नेलाच नाही रे, तिथेच असेल बघ." मिळाला समयांच्या पेटीत, बॅटरी पापडासारखी फुगलेली. चार्जर दोन दिवसांनी मिळाला, देवघरातल्या दिव्यांच्या माळांमध्ये गुंतून. वायर जोडली, चालू झाला! पण बाहेर पाऊस हा असा, वीज येतेय-जातेय, आणि फायनलाइज होताना मध्येच वीज गेली तर असलेलं पण जायचं. मग निघाली वरात, शेजारच्या मावशीकडे इन्व्हर्टर आहे म्हणून तिकडे, छत्रीखाली कॅमेरा, मागे आम्ही सहा जण. मावशीची सीरियल ऐन रंगात आलेली, तिने ती बंद केली बघा, आणि वर चहा पण केला. स्क्रीनवरची ती पट्टी पुढे सरकेपर्यंत सगळे जण बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभं राहावं तसे उभे.

झालं एकदाचं. लावून बघतो तर चित्रात माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट, माटोळीतली सुपारी, मग छप्पर, मग कोणाचे तरी पाय. मामाला झूम सापडला होता, सोडायचा कसा ते सापडलं नव्हतं. आजोबा दिसतात जेमतेम चार सेकंद. पण आवाज! घुमट, साथीची शामेळ-कांसाळे ही वाद्यं, सगळं स्वच्छ. ते घुमट जुनं, घोरपडीच्या कातड्याचं, आता त्यावर बंदी आहे आणि बकऱ्याचं कातडं लावतात, ते बरोबरच आहे म्हणा. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य केलं, छान झालं, पण हल्ली ब्लूटूथवर आरती लावून मंडळी नुसती उभी राहतात, टाळी वाजवायला हात मोकळा नाही कारण हातात मोबाइल, हे मला काही पटत नाही. असो.

तर कॉपी. डीव्हीडी उघडली की 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर दिसतो, तो अख्खा उचला, अख्खा, कारण व्हिडिओचे एकेक जीबीचे तुकडे पाडलेले असतात आणि एखादाच नेला तर लग्न मंगलाष्टकांतच संपतं. किंवा पूर्ण डिस्कची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली हुबेहूब नक्कल करा, ते सगळ्यात बरं. मोबाइलवर बघायला हॅण्डब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरने एमपीफोर करा, ते फुकट मिळतं, पण मूळ कॉपी पुसू नका. व्हॉट्सॲपवर पाठवली ती कॉपी नव्हे, ते व्हिडिओ बारीक करून टाकतं. छोटी डिस्क असेल तर ट्रे बाहेर येतो तसलाच ड्राइव्ह घ्या, फटीतून आत ओढणाऱ्यात घालू नका, अडकते.

डिस्क अडखळली तर मऊ कापडाने मधून कडेला सरळ पुसा, गोल गोल नाही. मधून कडेला. तरी नाही झालं तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, एकाला जे वाचता येत नाही ते दुसऱ्याला येतं कधीकधी. घरी राइट केलेल्या डिस्कमध्ये रंगाचा थर असतो, तो उन्हाने उतरतो आणि आपल्याकडची दमट हवा तर विचारूच नका, म्हणून पुढच्या पावसाची वाट बघू नका. कॉपी दोन हार्ड डिस्कवर ठेवा, एक आपल्या घरी, एक दुसऱ्याच्या घरी. आमची दुसरी पर्वरीला बहिणीकडे आहे.

वेळ संपत आलीय, तेव्हा आजोबांचं घुमट ऐकवतो. मध्ये एक खोकला येईल तो त्यांचाच, आणि मागून "अरे वात सारखी कर" असं कोणीतरी म्हणतंय ती आजी. ऐका.