पहिल्या झटक्यानंतर: घराला काय हवे, मुलाला काय हवे

रावेर-यावल पट्ट्यात केळीची कापणी सुरू असताना विशीतला मुलगा जेवण सोडतो, रात्रभर अंगणात फेऱ्या मारतो, शेजारी आपल्याविरुद्ध कट करत आहेत असे सांगू लागतो, तेव्हा घरात पहिला तर्क ‘बाहेरचे’ लागल्याचाच निघतो. खरे तर हा सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराचा, पहिला झटका असू शकतो. भगताकडे धावणाऱ्यांना अडाणी म्हणून मोकळे होता येते. पण भगत गावात असतो आणि त्याच दिवशी भेटतो. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत, खान्देशात एकही नाही. जिल्हा रुग्णालयात उपचार मिळतात, परंतु धडगावच्या पाड्यावरून नंदुरबारला जाऊन येण्यात दिवस मोडतो. उपचाराविना काळ जितका लांबतो, तितके सावरणे अवघड होते.

“मन्हा पोऱ्या बरा व्हई ना?” हा आईचा पहिला प्रश्न, आणि दबक्या आवाजातला दुसरा बहिणीच्या लग्नाचा. गोळ्या किती दिवस चालतील, रात्री बिघडले तर फोन कोणाला करायचा, हे कोणी अहिराणीत नीट समजावले तरी घराला धीर येतो.

मुलाचे मागणे निराळे असते आणि ते सहसा विचारले जात नाही, कारण डॉक्टर वडिलांकडे पाहून बोलतात. त्याला कानातले आवाज थांबायला हवेत, तसेच आयटीआयही पूर्ण करायचे आहे. गोळीमुळे सकाळी दहापर्यंत डोळे उघडत नाहीत, भूक आवरत नाही, पँट कमरेला बसेनाशी झाली आहे. मात्रा, वेळ किंवा औषध बदलण्याची सोय डॉक्टरांजवळ असते. पण तक्रार ऐकलीच नाही, तर गोळ्या गुपचूप उशीखाली जातात आणि आजार उलटतो.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा व आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याचा हक्क देतो. रात्री जागून काढलेल्या आईला तो टोचतो, आणि तिचे दुःख खोटे नाही. म्हणून घरी काय सांगायचे आणि काय नाही, हे मुलगा शुद्धीवर येताच त्याच्याशीच बोलून ठरवलेले बरे.

रात्रीच्या प्रश्नाला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक मराठीतही उत्तर देतो. आयटीआयचे उत्तर मात्र फोनवर मिळत नाही. मेलबर्नमध्ये अशा पहिल्या झटक्याच्या तरुणांसाठी १९९२ साली सुरू झालेल्या विशेष सेवेत प्रत्येक तरुणामागे एक ठरलेला कार्यकर्ता असतो आणि शिक्षण-रोजगार हा उपचाराचाच भाग मानला जातो. इथे ते काम रुग्णालयातील समाजसेवकाकडे सोपवता येईल. बुडालेल्या सत्राविषयी प्राचार्यांशी बोलायला त्याला वेगळ्या इमारतीची गरज नाही.