शेगडी आणि दार यांच्यामध्ये कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागून जे प्रचंड स्फोट झाले, त्यांत अग्निशमन दलाचे 66 जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ 14 ते 20 एप्रिल हा आठवडा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. या आठवड्यात कारखाने, गोदामे आणि रुग्णालये यांच्याविषयी पुष्कळ बोलले जाते. मी आज घरातल्या एका खोलीविषयी बोलणार आहे. ठाणे आणि नवी मुंबईतील उंच इमारतींत राहणारी आपण मंडळी घराचे नूतनीकरण काढतो, तेव्हा स्वयंपाकघराची मांडणी ठरवताना आगीचा विचार कसा करावा, एवढाच आजचा विषय आहे.

कोलशेत असो, मानपाडा असो, नेरूळ असो की खारघर, जुना फ्लॅट विकत घेतला की पहिला घण पडतो तो स्वयंपाकघरातल्या ओट्यावर. त्यानंतर ग्रॅनाइटचा रंग, ट्रॉल्यांच्या चॅनेल आणि टाइल्सची नक्षी यांवर घरात आठवडेच्या आठवडे चर्चा चालते. एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. शेगडीवर भडका उडाला, तर त्या क्षणी बाहेर जाण्याचे दार तुमच्या पाठीशी असेल, की आगीच्या पलीकडे असेल? ऐकणाऱ्यांसाठी पुन्हा सांगतो: दार पाठीशी, की आगीच्या पलीकडे? स्वयंपाकघराच्या मांडणीतले बाकीचे सारे निर्णय या प्रश्नाच्या उत्तरानंतर घ्यायचे असतात.

हा प्रश्न मला एका काकूंनी शिकवला, आणि त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. घोडबंदर रस्त्यावर वाघबीळच्या अलीकडे एका टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर त्यांनी फ्लॅट घेतला होता. काका बँकेतून निवृत्त झालेले, मुलगा आणि सून दोघेही नोकरी करणारे, आणि घराच्या कामावर देखरेख काकूंची. आराखडा तपासून देण्यासाठी त्यांनी मला बोलावले, तेव्हा जुना ओटा फोडून झाला होता आणि खोली मोकळी पडली होती. खोली लांबट होती. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला जाळी लावलेली खिडकी, आणि दोहोंच्या मध्ये जेमतेम एक माणूस वळेल एवढी वाट. कंत्राटदाराच्या नकाशात हॉब, म्हणजे ओट्यात बसवलेली शेगडी, अगदी दाराजवळ होता, कारण तोच खोलीचा आग्नेय कोपरा. सिंक मध्यावर होते, फ्रिज खिडकीकडे होता, आणि गॅसची चावी हॉबच्या बरोबर मागे भिंतीवर दाखवली होती.

काकूंनी नकाशाकडे फारसे पाहिले नाही. त्यांनी पिशवीतून खडू काढला, उघड्या कोब्यावर ओट्याची रेघ मारली, हॉबच्या जागी एक वर्तुळ काढले, आणि प्लायवूड मोजत उभ्या असलेल्या सुताराला म्हणाल्या, “दादा, जरा या गोलात उभे राहा आणि दोन्ही हात पसरा. तुम्ही आता आग आहात.” सुतार ओशाळून हसला, पण उभा राहिला. मग त्यांनी काकांना सिंकच्या जागी उभे केले आणि सांगितले, “तुम्ही भाजी धुताय. तुमच्या उजव्या हाताला कढई पेटली आहे. आता या दादांना हात न लावता बाहेर या.” काकांनी पोट आत घेतले, भिंतीला पाठ लावली आणि आडवे सरकत दाराशी पोहोचले, पण सुताराची बोटे त्यांच्या सदऱ्याला लागलीच. “भाजलात,” काकू म्हणाल्या. त्यांनी काकांना परत आत पाठवले आणि या खेपेला गॅसची चावी बंद करून यायला सांगितले. चावी सुताराच्या पाठीमागे होती. काकांनी त्याच्या काखेखालून हात घातला, तसे सुतारच म्हणाला, “साहेब, राहू द्या, मला कळले.”

कंत्राटदाराला मात्र कळले नव्हते. त्याने वास्तुशास्त्र पुढे केले. अग्नी आग्नेयेलाच हवा, काकांच्या मोठ्या भावाने तशी सक्त ताकीद दिली आहे, असे तो म्हणाला. काकू श्रद्धाळू आहेत, त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी साऱ्या घराचा नकाशा मागवला आणि त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “हे आख्खे स्वयंपाकघरच घराच्या आग्नेयेला आहे ना? मग यातल्या कुठल्याही कोपऱ्यात शेगडी ठेवली तरी अग्नी आग्नेयेलाच राहिला.” वास्तूच्या नावाने आमच्या व्यवसायात जे चालते त्याविषयी माझी मते बरीच तिखट आहेत, पण शास्त्र मानणाऱ्या माणसाने शास्त्राच्या आत राहून इतका शहाणा तोडगा काढलेला मी दुसरा पाहिलेला नाही.

शेवटी हॉब खिडकीकडच्या टोकाला गेला, पण वाऱ्याने ज्योत हलू नये म्हणून खिडकीपासून हात-दीड हात अलीकडे, आणि त्या खिडकीला पडदा लावायचा नाही असेही ठरले. सिंक दाराच्या बाजूला आले. गॅसची चावी हॉबच्या मागून काढून दाराच्या बाजूला, ज्वाळेवरून हात न नेता पोहोचेल अशा जागी आली, आणि चिमणीचे बटणही त्याच बाजूच्या भिंतीवर आले. पाइपलाइन सरकवायला आपला प्लंबर दुपारी मोकळा आहे, असे कंत्राटदाराने सुचवून पाहिले. काकूंनी गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाची वाट पाहिली आणि तोवर काम थांबवून ठेवले.

पुढच्या दिवाळीत सून चकल्या तळत होती. एक घाणा काढून झाला, आणि शेगडी मोठीच ठेवून ती सोऱ्यात पीठ भरायला सिंकच्या बाजूला वळली. तेल आधी धुरकटले आणि मग पेटले. वर चिमणी चालू असल्यामुळे ज्वाळा वर खेचल्या जाऊ लागल्या. सुनेने वळून पाहिले, तेव्हा दार तिच्या पाठीशी होते. तिने हात लांबवून गॅसची चावी बंद केली आणि चिमणी बंद केली. काकूंनी ओट्यावरची परात उचलली, ती वरून न टाकता आपल्या बाजूने पुढे सरकवत ढालीसारखी कढईवर नेली आणि झाकली. दोघी बाहेर आल्या आणि काकूंनी दार ओढून घेतले. एवढ्यात काका बाथरूममधून पाण्याने भरलेली बादली घेऊन धावत आले. काकूंनी दाराची मूठ दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि काकांना आत जाऊ दिले नाही. “पाणी घातलेत तर घर जाईल,” असे त्या ओरडत होत्या आणि काका बादली घेऊन दाराशी झटत होते. त्यांच्या पन्नाशीला आलेल्या संसारातले ते सर्वांत मोठे भांडण असावे. कढई पूर्ण थंड होईपर्यंत परात कोणी उचलली नाही. नुकसान झाले ते चिमणीच्या फिल्टरचे, आणि काकांच्या मते भाजणीचे.

काकूंचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पाणी तेलापेक्षा जड असते, ते पेटत्या तेलाच्या तळाशी जाते आणि तिथे क्षणात त्याची वाफ होते. वाफ होताना पाणी सुमारे 1700 पट पसरते आणि जळते तेल छतापर्यंत उडवते. म्हणून पुन्हा सांगतो: तेलाच्या आगीवर पाणी नाही. गॅस बंद, झाकण, आणि दार बंद.

आता उरलेल्या वेळात बाकीच्या गोष्टी सांगतो. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे तो गळाला तर ट्रॉलीच्या तळाशी साचतो. पाइपलाइनमधला नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, त्यामुळे तो छताखाली जमतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला खाली जाळी हवी, आणि पाइप गॅस असलेल्या खोलीत वरच्या बाजूला हवा खेळती हवी. सिलिंडर सोडून पाइप गॅसवर आलेली अनेक कुटुंबे खालची जाळी जपतात आणि वरचा झरोका दिसायला वाईट दिसतो म्हणून बुजवतात. ड्राय बाल्कनीला, म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेल्या उघड्या सज्जाला, काचा लावून ती बंद करणाऱ्यांनीही आपण कोणाचा श्वास बंद करतो आहोत याचा विचार करावा. गॅसचा पाइप भिंतीत किंवा फळ्यांमागे गाडू नये आणि मीटर कपाटात कोंडू नये. सिलिंडरची सुरक्षा नळी पाच वर्षांच्या आत बदलावी, आणि नवी शेगडी घेताना ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी घ्यावी.

फॉल्स सीलिंगविषयी मी जरा चढ्या आवाजात बोलणार आहे. ज्या इमारतींत घरोघरी स्प्रिंकलर, म्हणजे आग लागल्यावर छतातून पाणी फवारणारी तोंडे, दिलेली आहेत, तिथे पीओपीचे छत करताना ते झाकून टाकणे, त्यांवर रंग मारणे, किंवा फोडणीच्या धुराने ते सुटतील या भीतीने काढून टाकणे, हे सर्रास चालते. स्प्रिंकलर धुराने सुटत नाही, उष्णतेने सुटतो. त्यातली लाल द्रव भरलेली काचेची कुपी साधारण 68 अंश सेल्सिअसला फुटते, आणि जिथे उष्णता पोहोचली तेवढाच स्प्रिंकलर सुटतो. सिनेमात दाखवतात तसे साऱ्या मजल्यावर पाणी पडत नाही. छत खाली आणायचे असेल, तर सोसायटीला कळवून परवानाधारक संस्थेकडून स्प्रिंकलरही तेवढाच खाली आणून घ्यावा. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार इमारतीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत द्यावे लागते, आणि तुमच्या छतामागे दडलेला स्प्रिंकलर त्या प्रमाणपत्राला खोटे पाडतो.

वायरिंगचे गणित सोपे आहे. 2000 वॅटचे इंडक्शन आणि 2000 वॅटचा ओव्हन एकाच 16 अँपिअरच्या सॉकेटवर एक्स्टेन्शन लावून चालवले, तर भार 17 अँपिअरच्या पुढे जातो. ओटा फोडलेलाच असतो, तेव्हाच प्रत्येक मोठ्या उपकरणाला स्वतंत्र वायर आणि भार वाढला की वीज तोडणारा स्वतंत्र एमसीबी घ्यावा, आणि वीज गळू लागताच ती तोडणारा 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा.

राहिली भिंत आणि दार. हॉलमध्ये उघडणारे स्वयंपाकघर सध्या प्रतिष्ठेचे मानले जाते. सोफ्याला बोंबलाचा वास का लागावा हे मला कधीच समजलेले नाही, पण तो ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न झाला. धूर हा आवडीचा प्रश्न नाही. आगीत माणसे बहुधा ज्वाळेने नव्हे, धुराने दगावतात, आणि स्वयंपाकघराचे बंद दार तो धूर काही काळ अडवून धरते. शिवाय गेल्या काही वर्षांतल्या अनेक टॉवरांच्या भिंती अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या काँक्रीटच्या आहेत. त्या इमारतीचा भार वाहतात, त्यामुळे त्या फोडताच येत नाहीत.

धूर अडवण्याच्या बाबतीत घराच्या मुख्य दाराचेही स्वयंपाकघराच्या दारासारखेच आहे. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 14 जून 2017 रोजी चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात लागलेली आग बाहेरच्या ज्वलनशील आवरणावरून पसरली आणि 72 माणसे गेली. त्या इमारतीत अनेक घरांची दारे आपोआप बंद न झाल्यामुळे धूर सामायिक जागेत शिरल्याचे चौकशीत पुढे आले. आपल्याकडे उंच इमारतींच्या अग्निशमन ना-हरकत पत्रांत दारांविषयीही अटी असतात. मूळ दार काढून कोरीव सागवानी दार बसवण्याआधी सोसायटीच्या कार्यालयात जाऊन ते पत्र वाचावे, आणि दार आपोआप बंद करणारा क्लोजर खटकतो म्हणून काढून टाकू नये. चिमणीच्या, एसीच्या किंवा पाण्याच्या पाइपसाठी डक्टच्या, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या पोकळीच्या, भिंतीला पाडलेली भोके मिस्त्रीकडून आगरोधक साहित्याने बुजवून घेतल्याशिवाय त्याचा शेवटचा हप्ता देऊ नये.

एलपीजी गळतीसाठी 1906 आणि अग्निशमन दलासाठी 101 हे क्रमांक आहेत. नमस्कार.